थेट विमान, पण कुठून थेट?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यातल्या एका गावात आम्ही दोघंच असतो. हे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेत, वय एकाहत्तर. माझं चौसष्ट. मुलगा सॅन फ्रान्सिस्कोजवळ नोकरीला आहे, त्याला पहिली मुलगी झाली. आमचा व्हिसा झालाय. सुगी आटोपली की डिसेंबरात निघायचं म्हणतो.

मुलगा म्हणतो, बेळगावच्या सांबरा विमानतळावरून दिल्लीला या आणि तिथून नॉनस्टॉप विमानात बसा, मध्ये उतरायचं नाही की चुकायचं नाही. पुतण्या म्हणतो, सोळा-सतरा तास एका जागी बसून काकांचे पाय कामातून जातील, दुबईवरून जावा. यांना बारा वर्षं मधुमेह आहे, दोन वेळचं इन्सुलिन घेतात. पायाच्या शिरा फुगलेल्या आहेत, संध्याकाळी घोटे सुजतात. माझे गुडघे दुखतात, पण लावणीला अजून शेतात उतरते. मला मराठी येतं, बाजारापुरतं कन्नड, हिंदी मोडकंतोडकं. इंग्रजी नाही. यांचं इंग्रजी वाचण्यापुरतं. मुलगा म्हणतो व्हीलचेअर सांगून ठेवतो. मला त्याची लाज वाटते, चालती-फिरती माणसं आम्ही.

यांचे रोज नवे प्रश्न. एवढं इंधन मावतं कुठं, समुद्रावर इंजिन बंद पडलं तर काय, पायलट झोपतो केव्हा. आणि सगळं विचारून झालं की म्हणतात, तूच जाऊन ये. काय करावं?

– एक वाचक, खानापूर तालुका


उत्तर

वहिनी, नमस्कार. नातीबद्दल आधी अभिनंदन.

मुलगा आणि पुतण्या दोघंही तुमच्या काळजीपोटीच बोलताहेत, आणि दोघांच्याही सांगण्यात एकेक गोष्ट राहून गेली आहे.

मुलाचं बघू. तो नॉनस्टॉप म्हणतो ते दिल्लीपासून. तुम्ही निघणार खानापुरातून. आपल्या बेळगाव भागातल्या माणसाला अमेरिकेला जायचं तर मध्ये एकदा उतरल्याशिवाय गत्यंतर नाही. दिल्लीत उतरा, मुंबईत उतरा, नाहीतर बंगळूरला उतरा. म्हणजे थांबा टळतच नाही. तो कुठं पडतो, तिथं तुमची जबाबदारी कोणाची असते आणि त्या ठिकाणी गुरुजींच्या पायांना उसंत मिळते की नाही, एवढंच ठरवणं आपल्या हातात आहे.

तेव्हा दिल्लीचा थांबा नीट पाहा. सांबऱ्याहून दिल्लीचं तिकीट एका कंपनीचं आणि अमेरिकेचं दुसऱ्या कंपनीचं, असं वेगवेगळं काढलं तर तुमचं सामान दिल्लीत पट्ट्यावर येणार, ते तुम्ही उतरवून घेणार, गरज पडली तर दुसऱ्या टर्मिनलला नेणार आणि पुन्हा जमा करणार. देशातल्या तिकिटावर साधारण पंधरा किलोंची मुभा, अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा तेवीस किलोंच्या बॅगा. मग वरच्या वजनाचे पैसे सांबऱ्यातच मोजावे लागतात. याहून मोठी अडचण महिन्याची आहे. डिसेंबर मध्यापासून जानेवारीपर्यंत दिल्लीत दाट धुकं पडतं आणि विमानं तासन् तास उशिरा येतात. सांबऱ्याचं विमान उशिरा पोचलं आणि अमेरिकेचं निघून गेलं, तर तिकिटं वेगळी असल्यामुळे दुसरी कंपनी बांधील नसते. नवं तिकीट तुमच्या खर्चानं. रात्रीच्या वेळी दिल्लीत, गुरुजींचं इन्सुलिन पिशवीत, आणि सांगायला कुणी नाही, हा प्रसंग मला तुमच्यावर यायला नको आहे.

दुसरं असं की नॉनस्टॉप छापलेलं विमान दरवेळी नॉनस्टॉप जाईलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानकंपन्यांना हवाई हद्द बंद केली. त्यानंतर एअर इंडियाच्या उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना लांबून वळसा घालावा लागला आणि इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरावं लागलं. दिल्ली-वॉशिंग्टनची सेवा तर सप्टेंबर २०२५ पासून थांबवली. बंगळूर-सॅन फ्रान्सिस्कोचं थेट विमान २०२१ मध्ये सुरू झालं, पुढच्या वर्षी बंद पडलं, त्याच वर्षाच्या शेवटी पुन्हा सुरू झालं. ही वेळापत्रकं बदलती असतात. इंधनाचा थांबा असला की बहुतेक वेळा प्रवासी आपल्या जागीच बसून राहतात, म्हणजे प्रवास लांबतो आणि पाय मोकळे होत नाहीत. मुलाला सांगा, तिकीट काढण्याच्या दिवशी त्या तारखेचं विमान खरोखर कसं जातंय ते पाहा, मागच्या वर्षी मित्राचे आईवडील कसे आले त्यावर जाऊ नको.

आता पुतण्याचं. दुबईवरून जा म्हणजे पाय मोकळे होतील, हे ऐकायला पटतं, पण नकाशावर टिकत नाही. मुंबईहून दुबई तीन तासांच्या आसपास. दुबईहून सॅन फ्रान्सिस्को जवळपास सोळा तास. म्हणजे थांबा घेतला, विमान बदललं, दगदग झाली, आणि सोळा तास बसणं होतं तिथंच राहिलं. दोहाचंही तेच. गुरुजींच्या पायांसाठी थांबा हवा असेल तर तो मधोमध हवा. बंगळूरहून फ्रँकफर्ट साधारण दहा तास, तिथून सॅन फ्रान्सिस्को अकरा-साडेअकरा. लंडनवरूनही जवळपास असंच. पूर्वेकडून टोकियोवरून गेलात तर आठ-नऊ आणि नऊ-दहा असे तुकडे पडतात, पण तुमच्यासारख्या पहिल्या खेपेच्या प्रवाशाला मी युरोपची वाट सांगेन, कारण तिथून आपली माणसं रोज जात असतात, रांगेत एखादा मराठी नाहीतर कन्नड बोलणारा भेटतोच.

त्यामुळे माझं म्हणणं सरळ सांगते. दोघं जाणार असाल तर बंगळूरहून फ्रँकफर्ट किंवा लंडन, सगळं एकाच तिकिटावर, मध्ये तीन-चार तासांचा थांबा. त्याहून कमी नको, कारण व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यात शेवटी उतरवतात. तुम्ही एकट्याच जाणार असाल तर मात्र मुलाचं बरोबर आहे. तुमचे पाय धडधाकट आहेत, अडचण भाषेची आहे, तेव्हा एकदा बसायचं आणि मुलाच्या दारात उतरायचं हेच चांगलं. पुतण्यानं दिल्लीपर्यंत सोबत यावं, धुक्याचा हिशेब धरून एक दिवस आधी पोचावं आणि तुम्हाला आत सोडूनच परतावं.

बघा, तिकीट ठरण्याआधी कोण जाणार हे ठरायला पाहिजे, आणि तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली ओळ तीच आहे. तूच जाऊन ये. ज्याला जायचंच नसतं तो माणूस इंधन मावतं कुठं असं विचारत नाही, वहिनी. गुरुजींना जायचं आहे. आपल्या दुखण्यामुळे तुमचं जाणं अडेल, परमुलखात सुनेला आपलं करावं लागेल, हे त्यांच्या मनात असावं. त्यांना जायचंय का असं विचारू नका, नाही म्हणतील. त्यांना डॉक्टरांकडे न्या, आणि डॉक्टरांसमोर विचारा की यांना जाता येईल का. उत्तर काय येईल ते मी सांगू शकत नाही, पण ते डॉक्टरांकडून यायला हवं, संकोचातून नको.

गुरुजींच्या प्रश्नांची उत्तरंही देते. ती त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा.

गुरुजी, इंधन पंखांत असतं आणि पोटाखाली, दोन पंख जोडतात त्या मधल्या टाकीत. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावर एअर इंडियानं २०१५ मध्ये बोइंग ७७७-२०० एलआर हे विमान लावलं. लांब पल्ल्यासाठीच बनवलेलं हे विमान, त्यात सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावतं. पूर्ण भरून उडतं तेव्हा त्याच्या वजनाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग नुसत्या इंधनाचा असतो. लांब उड्डाणाची सगळी अडचण इथंच आहे: लांबच्या गावाला निघालेल्या बैलगाडीत बैलांचाच कडबा इतका भरावा लागतो की माणसांना जागा उरत नाही, आणि कडब्याचं ओझं ओढायला आणखी कडबा लागतो. म्हणून सगळ्यात लांब जाणाऱ्या विमानांत माणसं कमी बसवतात. सिंगापूर एअरलाइन्स २०१८ पासून सिंगापूरहून न्यूयॉर्क भागात एअरबस ए३५०-९०० यूएलआर नेते. १५,३०० किलोमीटरच्या घरात अंतर, अठरा तासांहून जास्त वेळ. त्यात फक्त १६१ जागा आहेत, आणि तुमच्याआमच्या साध्या वर्गाची एकही नाही. हीच कंपनी आधी २००४ पासून चार इंजिनांच्या विमानानं तिथं जायची, पण इंधन परवडेना म्हणून २०१३ मध्ये बंद केलं. दोन इंजिनांची नवी विमानं आली तेव्हा कुठं गणित जमलं. आता ऑस्ट्रेलियाची क्वांटास सिडनीहून थेट लंडन आणि न्यूयॉर्कला जायच्या तयारीत आहे, वीस तासांवर, त्यासाठी ए३५०-१००० मध्ये मागच्या बाजूला २०,००० लिटरची जादा टाकी बसवून घेतली आहे. आणि एअर इंडियाच्या त्या विमानाच्या जातीबद्दल सांगायचं तर नोव्हेंबर २००५ मध्ये एक ७७७-२०० एलआर हाँगकाँगहून उलट्या बाजूनं, अमेरिकेवरून, लंडनला गेलं. २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटं, कुठंही न उतरता.

इंजिन बंद पडलं तर? दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर उडू शकतं, उतरू शकतं, आणि ते किती वेळ तसं उडू शकेल हे तपासून परवाना दिला जातो. वाट आखताना कुठल्याही क्षणी एखादा विमानतळ तेवढ्या वेळाच्या आत असला पाहिजे, हा नियम आहे. ७७७ च्या काही जातींना हा परवाना ३३० मिनिटांपर्यंत मिळालेला आहे. म्हणजे समुद्रावर असतानाही कुठं उतरायचं हे आधीच ठरलेलं असतं.

पायलट झोपतो केव्हा, तर पाळीपाळीनं. एवढ्या लांबच्या विमानात दोन नव्हे, चार वैमानिक असतात, आणि त्यांना झोपायला प्रवाशांपासून वेगळी, पलंगांची छोटी खोली असते. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला एअर इंडियाचं पहिलं थेट विमान आलं, तेव्हा चारही वैमानिक स्त्रिया होत्या आणि नेतृत्व कॅप्टन झोया अग्रवाल यांच्याकडे होतं. सतरा तासांच्या घरातला प्रवास, उत्तर ध्रुवाच्या बाजूनं. हे वहिनींनाही सांगा.

ध्रुवाच्या बाजूनं का, याचा शोध तुम्हीच घ्या. गावातल्या शाळेत पृथ्वीचा गोल असेल. एक दोरा दिल्लीवर धरा, दुसरं टोक सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि ताणा. भिंतीवरच्या नकाशावर वाट आडवी दिसते, गोलावर दोरा वर सरकून ध्रुवाजवळ जाईल. सगळ्यात जवळची वाट ती. पण जवळची म्हणजे लवकरची असं नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं, कारण उंचावर वारं पश्चिमेकडून पूर्वेला वाहतं आणि ते पाठीवर मिळतं. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरनं वाढलं, १५,३०० किलोमीटर झालं, तरी साडेचौदा तासांत पोचले, आधीपेक्षा दोनेक तास लवकर. परत येताना तेच वारं तोंडावर घ्यायचं नाही म्हणून वाट वेगळी. शिकवायला काय सुंदर धडा आहे हा.

आता पायांचं, आणि इथं मला कुणी घाई केलेली चालणार नाही.

चार तास किंवा त्याहून जास्त वेळ न हलता बसून प्रवास केला की पायाच्या खोल शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानं २००७ मध्ये सांगितलं. विमानच नव्हे, बस, रेल्वे, मोटार, सगळ्याला हे लागू आहे. दुप्पट ऐकून घाबरू नका. निरोगी माणसात तो धोका सहा हजारांत एक असा आहे. पण फुगलेल्या शिरा आणि वय यांनी तो वाढतो, म्हणून गुरुजींनी निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारायच्या. एक, पूर्वी कधी गाठ झाली असेल तर ते सांगून, त्यासाठी काही औषध लागेल का. दोन, दाबाचे मोजे चालतील का. हे मोजे मेडिकल दुकानात मिळतात, गुडघ्याखालपर्यंतचे असतात आणि घोटा व पोटरी मोजून घ्यावे लागतात. बऱ्याच जणांना त्यांचा फायदा होतो. पण जुन्या मधुमेहात पायाकडे रक्त नेणाऱ्या धमन्या अरुंद झालेल्या असतील तर तेच मोजे अपाय करतात. डॉक्टर पायाची नाडी बघतील आणि मग सांगतील. शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून ॲस्पिरिन घेऊ नका. झोपेची गोळी तर अजिबात नको. गोळी घेतलेला माणूस सहा-सात तास एकाच कुशीवर पडून राहतो, आणि तेच टाळायचं आहे.

गुरुजींसाठी मधल्या वाटेकडची सीट मागून घ्या, तुम्ही त्यांच्या शेजारी. व्यायाम असा: टाचा जमिनीला टेकवून चवडे वर उचलायचे, मग चवडे टेकवून टाचा उचलायच्या, पोटरी ताठ होईपर्यंत. दहा-पंधरा वेळा, तासाला एकदा. आजपासून घरात खुर्चीवर बसून करायला लावा म्हणजे सवय होईल. जागे असतील तेव्हा दोन तासांनी उठून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चालून यायचं. सामानाची पिशवी पायाखाली ठेवू नका, पाय लांब करायची जागा जाते. विमानात हवा कोरडी असते आणि आतला दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तसा असतो, म्हणजे महाबळेश्वरापेक्षाही उंचावर बसल्यासारखं. पाणी थोडं थोडं पीत राहायचं. उठायला लागू नये म्हणून पाणी टाळणारी माणसं पुष्कळ, तुम्ही तसं करू नका. आणि वहिनी, पाय तुमचेही सुजतील. जोडवी घट्ट असतील तर निघण्याआधी सोनाराकडून सैल करून घ्या.

पोचल्यावर पहिल्या काही आठवड्यांत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, किंवा अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर मुलाला लगेच सांगायचं. उद्या बघू म्हणायचं नाही. यासाठीच प्रवासाचा विमा इथूनच काढून घ्या आणि जुन्या मधुमेहाचा खर्च त्यात धरलाय का ते विचारून घ्या, तिथला दवाखाना फार महाग.

इन्सुलिन हातातल्या पिशवीतच. जमा करायच्या बॅगेत ते गारठून खराब होऊ शकतं, आणि बॅग हरवली तर औषधही गेलं. डॉक्टरांचं इंग्रजीतलं पत्र, त्यात औषधांची मूळ नावं, सुया लागतात हे लिहिलेलं. लागतं त्याच्या दुप्पट साठा. सॅन फ्रान्सिस्को हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं, तेव्हा सकाळचं आणि संध्याकाळचं इन्सुलिन म्हणजे कुठली सकाळ, हा घोळ नक्की होतो. डॉक्टरांना विमानाच्या वेळा दाखवा आणि किती तासांनी किती घ्यायचं हे कागदावर लिहून घ्या. गुरुजींच्या मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच ठेवा. जेवणाचं ताट समोर आल्याशिवाय सुई टोचायची नाही. हवा खराब असली की जेवण तासभर मागे जातं आणि साखर उतरते. ग्लुकोज शर्टाच्या खिशात, वरच्या कप्प्यातल्या बॅगेत नको. चपाती-भाजी, भाजके चणे सोबत घ्या, विमानात खाऊन संपवा.

संडासाचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. कमोड असतो, जागा अगदी लहान, आणि पाण्याची सोय फक्त हात धुवायच्या नळाला. एक रिकामी छोटी बाटली जवळ ठेवा, नळावर भरून घ्या. दार मधोमध दाबलं की घडी होऊन आत जातं.

आता व्हीलचेअर. लाज वाटते म्हणता, मला समजतं. गावात खुर्चीवरून नेलेलं माणूस म्हणजे आजारी माणूस. पण तिथं चालायचं अंतर बघा: बंगळूरला, फ्रँकफर्टला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुष्कळ चाल असते, जिने, सरकते पट्टे, आतली गाडी, आणि सगळ्या पाट्या इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये. रांगेत तास-तास उभं राहणं, तेही सुजलेल्या घोट्यांवर. व्हीलचेअर घेणाऱ्याला माणूस मिळतो. तो तपासणीतून नेतो, इमिग्रेशनच्या खिडकीपाशी उभा राहतो, पुढच्या विमानाच्या दारापर्यंत सोडतो. तुमच्या पत्रात खरी भीती वाट चुकण्याची आहे, आणि त्याचा उपाय हाच माणूस. गुरुजींना पायाचं खरं दुखणं आहे, तुमचे गुडघे खरे आहेत, कुणाचं काही हिरावून घेत नाही तुम्ही. तिकिटाबरोबरच कंपनीला कळवायचं, निदान अठ्ठेचाळीस तास आधी. दोघांच्या नावावर वेगवेगळं कळवा, नाहीतर एकाला खुर्ची आणि दुसरं मागे धावतंय असं होतं. पासपोर्ट आणि बोर्डिंग पास मात्र स्वतःच्या हातात. नेणाऱ्यानं बघायला घेतला तर परत घ्या. कुठं बसवून गेला तर जागा सोडू नका, विमानाच्या आकड्यावर बोट ठेवून जवळच्या कर्मचाऱ्याला दाखवा.

मुलाकडून एक कार्ड लिहून घ्या, इंग्रजीत, ठळक अक्षरात: आम्ही मराठी बोलतो, इंग्रजी येत नाही, हे मधुमेही आहेत, आम्हाला अमुक विमानानं जायचंय, मुलाचा नंबर हा. दोन प्रती, दोघांच्या गळ्यातल्या पिशवीत. इमिग्रेशनचे अधिकारी किती दिवस राहणार, कुणाकडे, असं विचारतात. परतीचं तिकीट आणि मुलाचा पत्ता कागदावर असू द्या, दुभाष्या मागता येतो. आपल्या सीमेवरची बाई भाषेला घाबरते हे मला खरंच पटत नाही. सरकारी कचेरीत सगळा कारभार कन्नडमध्ये, तरी शेताचे उतारे तुम्हीच आणत असणार, लोंढ्याच्या नाहीतर गोव्याच्या बाजारात कोकणी माणसाशी भावही तुम्हीच करत असणार. समजलं नाही तर पुन्हा विचारायचं, याची सवय तुम्हाला आहेच.

फ्रँकफर्टला किंवा लंडनला नुसतं विमान बदलायला अमेरिकेचा चालू व्हिसा असला की सहसा वेगळा व्हिसा लागत नाही, पण तिकीट काढण्याआधी मुलानं कंपनीकडून लेखी खात्री करून घ्यावी. बंगळूरला जायला खानापुरातूनच राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे, रात्रीचा प्रवास. सांबऱ्याहून विमानही आहे. रेल्वेनं गेलात तर स्टेशनापासून देवनहळ्ळीचा विमानतळ तीस किलोमीटरच्या वर लांब आहे आणि बंगळूरची वाहतूक तुम्हाला माहीत आहे. एक दिवस आधी पोचा, कुणा नातेवाइकाकडे पाय वर करून झोप काढा.

शेवटी सामान. पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण घरचा तांदूळ बांधायचं मनात असणार, हे मी खानापूरकरांना ओळखून सांगते. नेऊ नका. धान्यात होणाऱ्या खप्रा किडीमुळे भारतातला तांदूळ प्रवाशांच्या सामानातून अमेरिकेत चालत नाही, काढून टाकतात. ताजी फळं, भाज्या, मांसही नको, आणि दुधाच्या पदार्थांवर बंधनं असल्यामुळे बेळगावचा कुंदा इथंच खाऊन निघा. मसाला, घरचं लोणचं बंद डब्यात नेता येईल. उतरल्यावर खाण्याचं काय आणलंय असं विचारतात, तेव्हा डब्यातलं सगळं सांगून टाकायचं. सांगितलं तर फार तर एखादी वस्तू ठेवून घेतात, लपवलं तर दंड होतो.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळवा. गुरुजींचे आणखी प्रश्न असतील तर तेही पाठवा.